मान, खांदा आणि पाठीचा वरचा भाग: रुग्ण नेहमी विचारतात ते प्रश्न

गेली अठरा वर्षं मी पुण्यात फिजिओथेरपी करते. रोज तेच प्रश्न येतात, पण ते घेऊन येणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांचा दिवसही वेगळा असतो. मान-खांद्याच्या बाबतीत खरं कारण बहुतेक वेळा त्या दिवसातच दडलेलं असतं. म्हणून इथली उत्तरं वाचताना रिपोर्ट बाजूला ठेवा आणि कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आठवा.

मान दुखते म्हणजे मला 'सर्व्हायकल' झालंय का?

'सर्व्हायकल' हे आजाराचं नाव नाही. त्याचा अर्थ 'मानेचा' एवढाच. मानेत सात मणके असतात, ते सर्व्हायकल मणके. त्यांच्या खाली बरगड्या जोडलेले बारा मणके असतात, ती पाठ. 'स्पॉन्डिलोसिस' म्हणजे वयानुसार मणक्यांच्या कडांना आणि मधल्या गाद्यांना होणारी झीज. पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये ती थोडीफार दिसतेच, आणि त्यातल्या कित्येकांची मान आयुष्यात कधी दुखलेली नसते. केस पांढरे व्हावेत, तसंच हे. म्हणून 'स्पॉन्डिलोसिस निघालाय' हे ऐकून घाबरू नका. दुखणं खरं असतं, पण त्याचं कारण दरवेळी त्या चित्रात असतंच असं नाही.

मग बहुतेक वेळा दुखतं तरी नेमकं काय?

स्नायू आणि मणक्यांमधले छोटे सांधे. डावा हात उजव्या खांद्यावर ठेवा आणि मान-खांद्याच्या मधला जाड भाग चिमटीत धरा. दाबल्यावर 'हं, इथंच' असं तोंडून निघालं, तर तुम्ही ट्रॅपेझियस नावाच्या स्नायूवर बोट ठेवलंय. हा स्नायू कवटीच्या मागून निघतो, खांद्यापर्यंत पसरतो आणि पाठीच्या मध्यापर्यंत खाली उतरतो. म्हणूनच मान आखडली की डोकंही दुखतं आणि पाठही भरून येते. त्याच्या खाली मानेपासून खांद्याच्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या सपाट हाडाच्या, वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा आणखी एक स्नायू असतो. फऱ्याच्या आतल्या कडेला सुपारीएवढी गाठ लागते असं लोक सांगतात, ती बरेचदा याच भागात असते.

डोक्याचं वजन साधारण पाच किलो. पाच किलोची कणकेची पिशवी छातीशी धरून उभे राहा, बराच वेळ काही वाटणार नाही. तीच पिशवी हात लांब करून धरली तर मिनिटाभरात हात थरथरतो. वजन तेच असतं, फक्त ते शरीरापासून दूर गेलेलं असतं. हनुवटी पुढे काढून मोबाइलमध्ये बघताना मानेमागचे स्नायू हेच ओझं तासन् तास ओढून धरतात.

सकाळी उठले आणि मान धरली. एका बाजूला वळतच नाही. काय करू?

याला 'शीर आखडली' म्हणतात, पण शीर आखडलेली नसते. मानेतला एखादा छोटा सांधा चिडलेला असतो आणि त्याला जपायला आजूबाजूचे स्नायू घट्ट होतात. गरम शेक द्या. जिथपर्यंत दुखत नाही तिथपर्यंत मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवत राहा. घरातली रोजची कामं चालू ठेवा. दोन-चार दिवसांत बरंच सुटतं, आठवड्याभरात बहुधा पूर्ण बरं वाटतं. कुणाकडून ओढून किंवा झटका देऊन घेऊ नका. आणि मान वळत नाही तोवर गाडी चालवू नका, कारण मागचं वाहन दिसणार नाही.

मी आयटीत आहे. खुर्ची चांगली महागाची घेतली, तरी खांदे भरून येतात. असं का?

कारण दुखणं खुर्चीच्या किमतीवर अवलंबून नसतं. ते एकाच जागी किती वेळ बसता त्यावर असतं. हिंजवडी-खराडीकडून येणाऱ्या माझ्या रुग्णांना मी पहिला प्रश्न विचारते: जेवण सोडलं तर काल कितीदा उठलात? बरेच जण आठवायला लागतात आणि गप्प होतात.

लॅपटॉपची अडचण त्याच्या घडणीतच आहे. पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. म्हणून स्टँड घ्या, नाहीतर चार जाड पुस्तकं खाली ठेवा, आणि कीबोर्ड व माऊस वेगळे घ्या. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. कोपर शरीराजवळ, साधारण काटकोनात, आणि टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकलेलं. टेबल उंच असलं की खांदे दिवसभर कानांकडे उचललेले राहतात. संध्याकाळी येणारा ठणका तो हाच. माऊस दूर ठेवला असेल, तर एकच खांदा दुखतो.

घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. पलंगावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणं हा मान बिघडवायचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. त्यापेक्षा जेवणाचं टेबल कितीतरी बरं.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. चाळिशीनंतर बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लागतो. पडद्यावरचं वाचायला भिंगाच्या खालच्या भागातून बघावं लागतं, म्हणून माणूस नकळत हनुवटी वर करून बसतो. मान मागे मोडलेली, तीही आठ-आठ तास. अशांना मी पडदा थोडा खाली घ्यायला सांगते, किंवा कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यायला. मानेचा उपचार चष्म्याच्या दुकानात झाल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत.

रोज दुचाकीवर वीस-पंचवीस किलोमीटर जातो. गाडीमुळे मान दुखते का?

गाडीमुळे कमी आणि गाडीवर बसायच्या पद्धतीमुळे जास्त. सिंहगड रोडवर सिग्नलला उभ्या असलेल्यांचे खांदे एकदा बघा. हात हँडलवर आवळलेले, कोपर ताठ, खांदे वर चढलेले, हनुवटी पुढे. खड्डा किंवा गतिरोधक आला की ताठ हातांतून तो दणका थेट मानेत जातो. कोपर किंचित वाकवलेलं असेल तर तोच दणका हातातच जिरतो. म्हणून प्रत्येक सिग्नलला श्वास सोडा, खांदे खाली सोडा आणि हँडलवरची पकड सैल करा. पुण्यात सिग्नलना काही कमी नाही, तेवढी आठवण पुरेशी आहे.

पाठीवरची सॅक हे दुसरं कारण. लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, सगळं मिळून सहा-सात किलो सहज होतं आणि ते खांद्यांना मागे ओढत राहतं. स्कूटर असेल तर सॅक पायांपाशी ठेवा किंवा जड सामान डिकीत टाका. एका खांद्यावर अडकवायची पर्स घेऊन गाडी चालवत असाल, तर ती आजपासून बंद.

मान आणि खांद्याच्या बेचक्यात फोन धरून गाडी चालवणारे रोज दिसतात. जीव धोक्यात घालणं तर झालंच, शिवाय मानेचे सांधे एका बाजूला दाबले जातात आणि वर त्यांवर दणके बसतात.

हेल्मेटनं मान दुखते असं सांगून ते टाळणारेही येतात. नीट मापाच्या हेल्मेटचं वजन निरोगी मान सहज पेलते. सैल हेल्मेट वाऱ्यानं हलतं आणि मग मान ते सावरत बसते. हेल्मेट बदलून बघा, पण सोडू नका.

मुलगा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करतो. पंचविशीतच पाठ दुखते म्हणतो. हे खरं असतं का?

अगदी खरं असतं. या मुलांविषयी मला मनापासून काळजी वाटते. दहा-बारा तास, दोन फुटांच्या कप्प्यात, पुस्तक सपाट टेबलावर आणि डोकं त्यावर वाकलेलं. खोलीवर गेलं की पातळ गादीवर पालथं पडून मोबाइलवर लेक्चर. जेवण मेसचं, तेही कधी चुकलेलं.

एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा दोन्ही फऱ्यांच्या मध्ये जळजळ होते म्हणत होता. त्याला मी त्याच्या बसण्याचा फोटो मागितला. फोटोत त्याचं नाक पुस्तकापासून वीतभर अंतरावर होतं. डोळे तपासून घ्यायला लावले तर नंबर वाढलेला निघाला. नवा चष्मा, पुस्तकाखाली तिरका लाकडी स्टँड, आणि दर अर्ध्या तासानं उठून जिन्यापर्यंत एक फेरी एवढंच त्याला सांगितलं. तीन आठवड्यांनी आला तेव्हा दुखणं निम्म्याहून कमी झालेलं होतं. पाठीचा वरचा भाग तासन् तास गोल राहिला की दोन फऱ्यांमधले स्नायू ताणून धरलेल्या रबरासारखे थकतात. जळजळ तिथूनच येते.

मी गृहिणी आहे, ऑफिसात जात नाही. मग माझी मान का दुखते?

हा प्रश्न बायका जवळजवळ माफी मागितल्यासारखा विचारतात, त्याचं मला वाईट वाटतं. घरातलं काम हे कामच आहे आणि तेही खांद्यांचंच. कणीक मळणं, पोळ्या लाटणं, ओले कपडे पिळून उंच दोरीवर वाळत घालणं, माळ्यावरचे डबे काढणं, मूल एकाच कडेवर घेऊन फिरणं.

ओटा तुमच्या कोपराच्या थोडा खाली हवा. तुमची उंची कमी असेल तर लाटताना खांदे उचलावे लागतात, आणि पंधरा पोळ्या होईपर्यंत ते खाली येतच नाहीत. अशा बाईला मी पाटावर उभं राहून लाटायला सांगते. पाट मात्र रुंद आणि न डुगडुगणारा हवा. उंच बायकांचं उलट होतं. त्या वाकतात, त्यांनी पोळपाटाखाली काहीतरी भक्कम ठेवावं. कणीक मळायला परात खालच्या पातळीवर घ्या, म्हणजे दाब अंगाच्या वजनानं येतो, मनगट-खांद्यानं नाही. कुकरची शिट्टी झाली की दर वेळी खांदे सैल सोडायचे, ही सवय माझ्या कितीतरी रुग्णांना लागली आहे.

बाळाला पाजणाऱ्या आयांनी मान खाली घालून बाळाकडे वाकू नये. उशा लावून बाळाला वर, छातीपर्यंत आणावं.

ढोल-ताशा पथकात आहे. गणपतीच्या आधी दरवर्षी खांदा जातो. वादन सोडू का?

सोडू नका, तयारी बदला. वर्षभर खांद्याला काही काम नसतं आणि गणपतीच्या दोनेक महिने आधी सराव सुरू झाला की एकदम रोज दोन-तीन तास. स्नायूंना एवढी घाई सोसत नाही. ढोल कमरेला बांधलेला असतो, त्यामुळे कंबर आणि पाठ मागे झुकते आणि टिपरू मारणारा हात तेच तेच करत राहतो. ताशाचा भार पट्ट्यानं मानेवर येतो. ध्वज नाचवणाऱ्यांचे हात डोक्याच्या वर आणि नजरही वर. सरावाच्या महिनाभर आधीपासून खांदे आणि पाठीचे ताकदीचे व्यायाम सुरू करा, पहिल्या आठवड्यात वेळ निम्मा ठेवा, ताशाचा पट्टा रुंद घ्या. वाजवताना हातात मुंग्या आल्या, तर त्या दिवशी थांबा.

हातात मुंग्या येतात, कळ बोटांपर्यंत जाते. नस दबली आहे का?

शक्यता असते. मानेतून निघणारी नस गादी सरकल्यानं किंवा हाड वाढल्यानं दबली, तर दुखणं मानेपेक्षा हातातच जास्त असतं. कुठल्या बोटात मुंग्या येतात ते आम्ही बारकाईनं विचारतो, त्याला कारण आहे: अंगठा आणि तर्जनी एका नसेकडे बोट दाखवतात, मधलं बोट दुसरीकडे, करंगळी तिसरीकडे. हात डोक्यावर ठेवल्यावर आराम वाटत असेल, तर मानेतली नस असण्याची शक्यता वाढते. उलट, रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, तर दाब बरेचदा मनगटात असतो.

दिलासा देणारी गोष्ट ही, की मानेतल्या दबलेल्या नसेचं दुखणं बहुतेकांना ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कमी होतं. पण हाताची ताकद कमी होत चालली असेल तर वाट बघू नका, लगेच दाखवा.

खांदा वरच जात नाही. हे मानेचं आहे की खांद्याचं?

मान हलवून दुखणं बदलतं की हात हलवून, ते बघा. हात हलवूनच दुखत असेल तर खांदाच. चाळिशी ते साठीच्या दरम्यान 'फ्रोझन शोल्डर' होतो. सांध्याभोवतीचं आवरण आकसतं आणि हात हळूहळू अडकतो. बाईला केसांचा अंबाडा घालता येत नाही, पुरुषाला मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही. दुसऱ्या कुणी हात उचलून दिला तरी तो जात नाही, ही त्याची खूण. मधुमेह असणाऱ्यांना हे बरंच जास्त होतं. म्हणून अशा प्रत्येकाला मी साखर तपासायला सांगते, आणि काहींना मधुमेह असल्याचं तेव्हाच कळतं.

माझ्या आईला हे झालं तेव्हा एका डॉक्टरांनी 'वयोमान आहे' म्हणून परत पाठवलं. वर्षभर ती उजव्या हातानं वेणी घालू शकली नाही. वेळेवर औषध आणि व्यायाम मिळाले असते तर तिचे कितीतरी महिने वाचले असते. दुखणं, मग जखडणं, मग सुटणं असा हा प्रवास एक ते तीन वर्षं चालू शकतो.

चक्कर येते, ती मानेमुळे ना?

बहुतेक वेळा नाही. पलंगावर कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंद घर गरगरतं, ती चक्कर सहसा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून येते. डोक्याच्या विशिष्ट हालचाली करून घेतल्या की ती बरेचदा एक-दोन भेटींतच थांबते. मानेचा पट्टा लावून ती थांबत नाही.

एमआरआय काढू का?

घाईनं नको. काही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते, आणि रिपोर्टमधले शब्द वाचून माणूस मान हलवायलाच घाबरू लागतो. हाताची ताकद कमी होतेय, सहा आठवडे उपचार करूनही फरक नाही, किंवा पुढे सांगितलेली धोक्याची लक्षणं आहेत, तेव्हा जरूर काढावा.

सलूनमध्ये मसाज करून मान मोडून घेतो, बरं वाटतं. चालेल ना?

मसाज चालेल. मान मोडणं नाही, कृपा करून नाही. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. अचानक झटक्यानं त्यांच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच होतं, पण होतं तेव्हा माणूस बरेचदा तरुण आणि धडधाकट असतो. 'कट' आवाजानंतरचा आराम घटकाभराचा असतो.

पट्टा, उशी आणि गोळ्या?

पट्टा अपघातानंतर किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास, ठरावीक दिवस. महिनोन् महिने लावला तर स्नायू आणखी कमजोर होतात. उशी एकच. कुशीवर झोपत असाल तर कान आणि खांद्यामधली जागा भरेल एवढी, उताणे झोपत असाल तर त्याहून पातळ. पालथं झोपणं सोडा. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनानं घेऊ नका. रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय किंवा पित्ताचा त्रास असेल तर त्या महागात पडतात.

घरी कोणते व्यायाम करू?

तीनच सांगते, कारण दहा सांगितले तर एकही होत नाही. पहिला: ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्या, खाली न वाकवता, पाच आकडे धरा, सोडा. दहा वेळा. दुसरा: दोन्ही फरे एकमेकांकडे आणि खाली ओढा, खांदे कानांकडे जाऊ देऊ नका. तिसरा: दाराच्या चौकटीत दोन्ही हात टेकवून एक पाऊल पुढे टाका, छातीला ताण बसेपर्यंत. दिवसातून दोन-तीनदा, दात घासणं जितकं न चुकता करता तितकं न चुकता. दुखणं निवळलं की हलक्या डंबेल किंवा रबरी पट्ट्यानं ताकद वाढवायची. हा टप्पा लोक गाळतात आणि दुखणं परत येतं.

योगासनं चांगली, पण हातात मुंग्या असताना शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नको. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५मध्ये पुण्यात संस्था सुरू केली. त्यांच्या पद्धतीत दोऱ्या, खुर्च्या आणि लाकडी विटांचा आधार घेऊन आसनं करतात. आखडलेल्या पाठीला असा आधार फार मानवतो. मात्र जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीच.

कोणत्या वेळी थांबू नये?

पाठीच्या वरच्या भागात, डाव्या खांद्यात किंवा जबड्यात अचानक दुखू लागलं, सोबत घाम, धाप, मळमळ किंवा छातीत दाब असेल, तर ते हृदयाचं समजूनच निघा. १०८ला फोन करा. 'गॅस धरलाय' म्हणून ओवा चावत बसू नका. माझ्या वडिलांनी तेच केलं होतं. दोन्ही फऱ्यांच्या मध्ये दुखतंय म्हणाले आणि मला मलम चोळायला सांगितलं. मी मलम लावत होते आणि बोटांना त्यांची पाठ गार, ओली लागली. तेव्हा उठलो आणि निघालो. ते वाचले. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये छातीत फारसं न दुखताही झटका येऊ शकतो.

दुखण्यासोबत बारीक ताप, वजन घटणं, रात्री आडवं पडल्यावर वाढणारा ठणका असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासावा लागतो. आपल्याकडे तो आजही आढळतो आणि औषधांनी बरा होतो, फक्त वेळेवर सापडला पाहिजे. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणं आहेत. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखत असेल तर आधी एक्स-रे. ताप, जोराची डोकेदुखी आणि ताठ मान एकत्र आली तर थेट रुग्णालय. तेलकट खाल्ल्यावर उजव्या फऱ्याखाली दुखत असेल तर पित्ताशय बघावं. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर दोन-तीन दिवसांत नागीण उठते का, लक्ष ठेवा, आणि पुरळ दिसताक्षणी डॉक्टरांकडे जा.

पहिल्यांदा दाखवायला येताना काय आणू?

जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी तर आणाच. त्याशिवाय तुम्ही रोज बसता किंवा उभे राहता त्या जागेचा, बाजूनं काढलेला फोटो आणा. फोटो दुसऱ्याला काढायला सांगा, आणि तो कधी काढणार हे तुम्हाला माहीत नसलेलं बरं. रोजची बॅग रिकामी न करता तशीच आणा, मी ती उचलून बघते. चष्मा घालून या. मधुमेह असेल तर शेवटचा साखरेचा रिपोर्ट हवा. सैल कपडे घाला, म्हणजे खांदे आणि फरे नीट बघता येतील.